बासष्ट किलोची फट

लातूर, १ एप्रिल २०१४

उजे,

आशीर्वाद आधी घे, राग नंतर काढ. फोन केला की माझा आवाज ऐकून तू बंद करतेस, म्हणून हे पत्र. पत्र बंद करता येत नाही. फाडता येतं, पण फाडणारा माणूसही आधी एक ओळ वाचतोच, आणि मला एक ओळ पुरे आहे. तुझ्या अक्काचं वजन काल पाडव्याला सत्तर किलो भरलं.

एप्रिल फूल समजू नकोस. सोबत चिठ्ठी जोडली आहे. आडत बाजारात गुंडप्पाचं दुकान आहे, मेसची तूरडाळ मी तिथूनच घेते. तुरीची पोती मोजायचा त्याचा लोखंडी काटा आहे, त्यावर मी दर पाडव्याला आणि दर दसऱ्याला उभी राहते. दवाखान्यातल्या काट्यावर माझा विश्वास नाही, तो माणसाचं मन राखतो असा मला संशय आहे. पोत्याचा काटा कुणाची भीड ठेवत नाही. गुंडप्पा पोत्याला देतो तशीच छापील चिठ्ठी मलाही देतो. ‘माल’ या रकान्यात सरजाताई आणि पुढे किलो, ग्रॅम. गेल्या दसऱ्याला त्याने नव्वद लिहिलं होतं. काल काट्याकडे बघून म्हणाला, “ताई, उतरा जरा. काटा बिघडला का काय बगतो.” मला उतरवून त्याने डाळीचं पोतं चढवलं. काटा बरोबर होता. मी तिथल्या हमालांना पेढे वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

सहा महिने सकाळी ताक, दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, रात्री नुसतं पाणी. पासष्ट पोरापोरींना दोन वेळा वाढायचं, वरणाला फोडणी माझ्या हातची, आणि चव बघायला मात्र महादेवीला बोलवायचं. महादेवी माझी स्वयंपाकीण, माझ्या वाट्याची चव घेऊन घेऊन बिचारी गोल झाली. क्लासची पोरं भिंतीवर फॉर्म्युले-बिर्म्युले काय काय चिकटवतात, त्यात एका पोरीने माझंही टाइमटेबल चिकटवलं होतं. ‘मावशी, टार्गेट ६२.’ लातूरला आल्यापासून मीही लातूर पॅटर्नचीच झाले म्हण.

आता तू मनात म्हणशील, यात नवं काय. खरं आहे. हे माझं सातवं उतरणं. शहाण्णवला चौऱ्याऐंशीवरून सदुसष्टवर आले आणि नव्याण्णवला अठ्ठ्याऐंशी झाले. मग सहासष्ट, मग एक्क्याण्णव. खाली यायला सहा महिने, वर जायला अडीच वर्षं. दर वेळी बासष्ट चार-पाच किलोंवर येतं आणि माझी भूक दावं तोडते. मग बसते कढईपाशी. पण या खेपेला तसं होणार नाही.

बासष्टच का, ते तुला कधी सांगितलं नाही. किल्लारीत भूकंपाच्या त्या पहाटे घर बसलं तेव्हा आत आम्ही तिघी होतो. माजघरात आई, इकडच्या खोलीत मी आणि गणपती बघायला आलेली आत्याची सून. तू उकडतंय म्हणून अंगणात बाज टाकली होतीस. दगडमातीतून एक फट दिसत होती. आत्याची सून तिच्यातून सरपटत बाहेर गेली. मी कमरेशी अडकले. नंतर छावणीत डॉक्टरांनी सगळ्यांची वजनं घेतली तेव्हा ती बासष्ट भरली आणि मी चौऱ्याऐंशी. आणि आईच्या तेराव्याला पत्र्याच्या शेडमध्ये तू जे बोललीस ते मला पाठ आहे. “तुला काढायला सहा मान्सं आन तीन घंटे लागले. तवर आई गेली.” त्यानंतर वीस वर्षांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस.

म्हणून मी ठरवलंय. बासष्ट भरले की देगलूरला येऊन तुझ्या दारात उभी राहणार. तू दार उघड की लोटून घे, तुझी मर्जी. पण बघशील, की ही बाई त्या फटीतून निघाली असती. आठ किलो राहिले.

तुझी,
अक्का


लातूर, २२ जून २०१४

उजे,

उत्तर आलं नाही, म्हणजे पत्र मिळालं. मिळालं नसतं तर परत आलं असतं. तुझ्या शेषेरावांनी वाचलं असेल तर त्यांनाही नमस्कार. मास्तर माणूस आहेत, शुद्धलेखन तपासत बसले नसतील तर बरं.

पासष्ट! पाडव्या-दसऱ्याची वाट न बघता मी काल काट्यावर चढले. गुंडप्पा म्हणाला, “ताई, असंच चाललं तर तुमाला चिठ्ठी नगं, नुसतं पुडीत बांधून देतो.” हमाल हसले, मीही हसले. माझ्या चोळ्या महादेवीने दोन्हीकडून आवळून शिवल्या. रस्त्यात एका जुन्या पोराच्या बापाने मला ओळखलंच नाही.

आणि आता दुसरी बातमी, जी मी इथे कुणालाच सांगितलेली नाही. तू बोलत नसलीस तरी बहीण आहेस, तुला नाही सांगणार तर कुणाला. माझी पाळी परत आली.

खरंच. पन्नासाव्या वर्षी गेली होती, आठ वर्षांनी परत. पहिल्यांदा फेब्रुवारीत जराशी, मग एप्रिलच्या शेवटी, आणि आता गेल्या आठवड्यात चांगली तीन दिवस. सुरुवातीला घाबरले. मग लक्षात आलं, अगं, वजन उतरलं, अंग हलकं झालं, म्हणजे अंग तरुण झालं. डोळ्यांनी दिसतंय ना. जिने चढते, दम लागत नाही. केस तेवढे काळे व्हायचे राहिले.

मी रीतसर कडेला बसले. मेसमध्ये रोज देवाला नैवेद्य असतो, पोरं जेवतात, आईने लावलेली शिस्त मोडवत नाही. मागच्या खोलीत वेगळं घोंगडं, वेगळा तांब्या, वेगळी ताटली. विचारणाऱ्याला सांगितलं, कंबर धरली. अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरा संशय येतोय कुणाला. आठ वर्षांत तीन दिवस सलग बसून होते अशी ही पहिलीच वेळ. पोरी दारातून चहा सरकवून जायच्या. मी घोंगड्यावर पडून हिशेब करायचे की अंग मागे मागे चाललंय, आज अठ्ठेचाळीसचं झालं असेल, उद्या चाळीसचं. असंच चाललं तर भूकंपाच्या आधीपर्यंत जाईल.

वेड्यासारखं लिहिलं, मला कळतं. पण खोडत नाही.

तीन किलो राहिले. दसऱ्याला यायचं म्हणते.

तुझी,
अक्का


लातूर, १२ ऑगस्ट २०१४

उजे,

आज मी रागात आहे, तेव्हा अक्षर समजून घे.

मनस्विनी म्हणून माझी एक जुनी पोर आहे. मुखेडची. दोन वर्षं माझ्या मेसला जेवली, पिठलं असलं की तीन भाकऱ्या. नांदेडच्या मेडिकल कॉलेजात लागली, आता शेवटच्या वर्षाला आहे. परवा रविवारी पिठलं खायला म्हणून बसने आली. मी नेमकी मागच्या खोलीत घोंगड्यावर. महादेवीने सांगितलं, मावशींची कंबर धरली. ही दारात उभी राहिली. घोंगडं बघितलं, तांब्या बघितला, पालथी घातलेली ताटली बघितली. तिची आजीही तशीच बसायची म्हणे.

“मावशी, तुम्ही कडेला बसलात?”

“कंबर हाय गं.”

“कंबर धरल्यावर ताटली वेगळी कशाला लागती? वय काय तुमचं?”

मी ताटली घोंगड्याखाली सरकवली. मग ती हळूच म्हणाली, “किती दिवसांपासून होऊन राहिलंय हे?” उजे, इतकी वर्षं मी त्या शिस्तीने सगळं झाकलं, आणि त्या शिस्तीनेच मला उघडं पाडलं. पोरीने रक्ताचा शब्द ऐकला नव्हता, नुसती ताटली बघून ओळखलं.

मी फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट सांगितलं. वर म्हटलं, आनंदाची गोष्ट आहे, वजन उतरल्याने अंग तरुण झालंय. ती हसली नाही. म्हणाली, “मावशी, पाळी जाऊन वर्ष झालं की ती परत येत न्हाई. नंतर थेंबभर रक्त दिसलं तरी ते दाखवायचं असतं. उद्या माझ्यासोबत नांदेडला चला.”

मी भडकले. म्हटलं, तुझी परीक्षा तू दे, माझी घेऊ नको. माझ्या मेसमध्ये जेवून मलाच आजारी पाडतीस का. पासष्ट पोरं वाऱ्यावर सोडून कुठं येऊ. तर त्या पोरीने काय करावं. चपला काढल्या आणि सरळ माझ्या घोंगड्यावर येऊन बसली. माझ्या तांब्यातलं पाणी प्याली. म्हणाली, “आता मी बी शिवले. आता मी बी कडेला. तुम्ही हाव म्हणाल तवा उठंन.”

दारात पोरींचा घोळका जमला. महादेवीने कपाळावर हात मारला. बारा वाजले, एक वाजला, पिठल्यावर साय धरली. ती आपली मांडी घालून पुस्तक वाचत बसलेली. तिला भुकेली बसलेली बघून माझाच जीव कासावीस झाला, माझा धंदाच तो. दोन वाजता मी हाव म्हटलं. मग तिने चार भाकऱ्या खाल्ल्या.

तर एकोणीस तारखेला नांदेडला जाते आहे. काही निघणार नाही. पण मी त्या डॉक्टरीणबाईला माझ्या चिठ्ठ्या दाखवणार आहे, गुंडप्पाच्या सगळ्या, पहिल्यापासूनच्या. रबर लावून ठेवलेल्या आहेत. म्हणावं, बघा, या वयात असं कुणी करून दाखवलंय का.

तुझी,
अक्का


लातूर, २१ ऑगस्ट २०१४

उजे,

जाऊन आले. गाडी लोह्याला पाऊण तास उभी होती, ते सोडलं तर प्रवास छान झाला.

मोठ्या मॅडम माझ्यापेक्षा वयाने लहान पण आवाज हेडबाईंचा. आधी तपासलं, मग सोनोग्राफी केली, मग आतला एक बारीकसा तुकडा तपासायला काढून घेतला. दुखलं, पण तीन घंटे दगडाखाली काढलेल्या बाईला ते काय. नंतर मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला आणि शाबासकीची वाट बघत बसले.

मॅडमनी रबर काढलं. एकेक चिठ्ठी तारखेने लावली, सगळं टेबल भरलं. मग कागदावर टिंबं देत रेघ ओढली. रेघ खाली, वर, खाली, वर. सात वेळा. बाहेरच्या पोरी डोकावून बघत होत्या, बहुतेक पुढच्या डॉक्टरच असाव्यात. मॅडम म्हणाल्या, “मावशी, वीस वर्षांची इतकी नेटकी नोंद मी कुठल्याही पेशंटकडे पाहिली नाही.” मी फुलून गेले. मग त्या म्हणाल्या, “पण ही शर्यत तुम्ही कुणाशी लावली होती?”

काय सांगणार. म्हटलं, बहिणीशी.

त्यांनी मला समजावलं ते तुलाही सांगते, कारण तूही आता त्रेपन्नची आहेस. पाळी गेल्यावर अंगावरची चरबीच एक रस तयार करत राहते, आणि त्याने पिशवीचं आतलं अस्तर जाड होत जातं. वजन कमी करणं वाईट नाही, चांगलंच आहे. पण उपाशी राहून भसकन उतरवायचं आणि परत भरभरून चढवायचं, असं वर्षानुवर्षं केलेल्या मोठ्या वयाच्या बायकांत पिशवीच्या कॅन्सरचा धोका जास्त दिसला, असं काही अभ्यासांत आलंय म्हणे. मी विचारलं, म्हणजे मीच ओढवून घेतलं? त्या म्हणाल्या, “असं कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. आणि अजून रिपोर्ट आलेला नाही. रक्त दिसलं म्हणजे दर वेळी कॅन्सर असतो असं नाही. पण दर वेळी बघावं मात्र लागतं.”

अस्तर जाड आहे एवढं नक्की. आणि एक झालं, ताक-पाण्यावर राहणं त्यांनी बंद करायला लावलं. दोन वेळा नीट जेवायचं, रोज चालायचं, आणि काटा महिन्यातून एकदाच. परतताना मी स्टँडवर बसून केळं खाल्लं. दहा महिन्यांतलं पहिलं केळं. इतकं गोड लागलं की डोळ्यांत पाणी आलं.

इथे पोरांना कळलंच. आता माझा रिपोर्ट म्हणजे मेसचा निकाल झालाय. रोज कुणीतरी विचारतं, “मावशी, लागला का?” एकाने तर वर्गातल्यासारखं सांगितलं की पेपर चांगला गेलाय म्हणजे काळजी नको. मला हसू येतं आणि बरं वाटतं. एकट्या बाईची इतकी माणसं वाट बघतायत.

तुझी,
अक्का


लातूर, ९ सप्टेंबर २०१४
भाद्रपद पौर्णिमा

उजे,

आज आईची तिथी. नैवेद्य महादेवीने केला, मी बाजूला बसून सांगत होते.

निकाल लागला. कॅन्सर आहे.

लिहून टाकलं, आता पुढचं सोपं आहे. मॅडम म्हणतात, दिसतंय त्यावरून लवकर सापडला, पिशवीच्या आतच आहे असं वाटतं. रक्ताने वेळेत बोंब मारली म्हणून. पिशवी काढायची, मग ती तपासून पुढचं ठरवायचं. या टप्प्यावर सापडलेल्या बहुतेक बायका बऱ्या होतात. ‘बहुतेक’ हा शब्द मी दोनदा म्हणायला लावला. मनस्विनी शेजारी उभी होती, तिचा हात माझ्यापेक्षा गार होता.

मला भीती वाटते, उजे. ऑपरेशनची तेवढी नाही. भूल देतील, मग अंधार, मग मला कुणीतरी बाहेर काढायचं, या विचाराची भीती वाटते. मागच्या वेळी मला बाहेर काढल्याची किंमत फार मोठी पडली.

ऑपरेशन बावीस तारखेला, सोमवारी, नांदेडला. काल फॉर्म भरला. ‘जवळचे नातेवाईक’ असा रकाना होता. मालक जाऊन पंचवीस वर्षं झाली, लेकरू नाही. मनस्विनी म्हणाली, माझं नाव टाका मावशी. गुंडप्पा म्हणाला, माझं टाका, कुणी विचारलं तर भाऊ सांगू. मी तुझं टाकलं. उज्ज्वला शेषेराव, देगलूर. नातं, सख्खी बहीण. फोन नंबरही दिला. नर्सला सांगितलं, ती उचलायची नाही, पण नाव राहू द्या.

आता खरं बोलते. मी बासष्टवर आलेले नाही. पासष्टपर्यंत गेले होते आणि जेवायला लागल्यापासून सदुसष्ट आहे. अट माझी मीच घातली होती आणि माझ्याच्याने ती पुरी झाली नाही. त्या फटीतून मी आजही निघणार नाही. तरीही तुला बोलावते आहे. जशी आहे तशी. अडकलेली.

आलीस तर बरं वाटेल. नाही आलीस तरी हे पत्र परत पाठवू नकोस.

अक्का


देगलूर, २० सप्टेंबर २०१४

अक्का,

मला तुझ्यासारखं लिहायला जमत नाही. तुझी सगळी पत्रं मिळाली. तांदळाच्या डब्यात ठेवली आहेत.

त्या पहाटे मी अंगणातून उठले तेव्हा काही दिसत नव्हतं, नुसती धूळ. माजघराच्या ढिगातून आईचा हात बाहेर होता. मी धरला. हाका मारल्या. हात हलला नाही. तेवढ्यात खोलीच्या बाजूने तुझी हाक आली, उजे म्हणून. सहा माणसं आली. त्यांनी विचारलं, आधी कुठं खणायचं. मी सांगितलं, आधी अक्का. ती बोलतेय.

मी सांगितलं, अक्का. मीच.

नंतर लोक म्हणाले, आई आधीच गेली असेल. असेल. पण मला तेव्हा खात्री नव्हती. हात गार होता का माझाच हात गार होता, हे मला आजही आठवत नाही. मी तुला निवडलं, आणि ते माझ्याने सोसेना. तेराव्याला तुला समोर जिवंत बसलेली बघितलं आणि मी ते तुझ्या अंगावर ढकललं. तुझ्या वजनाचं मी उगीच बोलले. तोंडाला जे आलं ते. तू त्याच्यावर वीस वर्षं उपाशी राहशील हे मला काय माहीत.

तुझा आवाज फोनवर आला की मला ती हाक ऐकू येते. म्हणून मी बंद करायचे.

हे पोस्टात टाकणार होते. पण बावीसला पोचणार नाही.

उजा


लातूर, १४ डिसेंबर २०१४

उजे,

तू परवाच गेलीस आणि मी लगेच पत्र लिहायला बसले, म्हणून शेषेराव हसतील. हसू दे. आता तू फोन उचलतेस, काल अर्धा तास बोललीस, तरी काही गोष्टी फोनवरून पाठवता येत नाहीत. त्यातली एक सोबत आहे.

तुझं ते पत्र तू पोस्टात न टाकता स्वतःच घेऊन आलीस आणि वॉर्डात खाटेवर माझ्या हातात कोंबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिलीस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी वाचलं. मला वाटायला हवं होतं की वीस वर्षं वाया गेली. तसं वाटलं नाही. मला एवढंच कळलं, की कुणीतरी त्या ढिगाऱ्यापुढे उभं राहून माझं नाव घेतलं होतं, आणि ती तू होतीस. मी तुला जवळ ओढलं तर तू म्हणालीस, “हळू, सलाइन निघंल.” वीस वर्षांनी पहिलं वाक्य काय, तर सलाइन निघंल.

भूल देताना मॅडमनी विचारलं, भीती वाटते का. मी म्हटलं, बाहेर माझी बहीण आहे, ती सांगेल आधी कुणाला काढायचं. त्यांना काही कळलं नाही. जाग आली तेव्हा तू मला नावाने हाका मारत होतीस, आणि या खेपेला हाक तू मारत होतीस आणि ओ मी देत होते.

पुढचे रिपोर्ट चांगले आले ते तुला माहीतच आहे. गाठी कुठे पसरल्या नव्हत्या. दर तीन महिन्यांनी दाखवायचं, पुढची खेप फेब्रुवारीत. तू मला देगलूरला नेलंस, दोन महिने तुझ्या हातचं जेवू घातलंस, भात जरा चिकट होतो तुझा, पण सांगितलं नव्हतं. संध्याकाळी हात धरून शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यास. मास्तर मागून घड्याळ घेऊन चालायचे. एवढी वर्षं मी वजनाशी कुस्ती खेळत होते, चालायला कुणी सोबत घेतलं नव्हतं.

आता त्या चिठ्ठीचं. परवा मला लातूरला सोडायला आलीस आणि गुंडप्पाला भेटायचं म्हणालीस. डाळीच्या धुळीत तोंडाला पदर लावून तू त्या काट्याकडे कितीतरी वेळ बघत होतीस. गुंडप्पाने विचारलं, “ताई, चढता का? लई दिस झाले.” मी नको नको म्हणत होते. खरं सांगते, देगलूरच्या जेवणाने आकडा वर गेला असणार हे मला माहीत होतं. तू माझा दंड धरलास, मला काट्यावर चढवलंस, आणि स्वतःही चपला काढून माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस. काटा हलला, थांबला. एकशे एकतीस किलो दोनशे ग्रॅम.

गुंडप्पा पेन घेऊन घोटाळला. म्हणाला, “आता यात मोठ्या ताईंचं किती आन ल्हान्या ताईंचं किती धरू? येकेक करून चढा बरं.”

तू खाली उतरली नाहीस. म्हणालीस, “येगळं कशाला? येकच पोतं धरा.”

हमाल हसले, गुंडप्पाही हसला. मी तुझा हात धरून ठेवला. त्याने चिठ्ठी फाडून दिली ती मी कमरेला खोचली आणि तुला स्टँडवर सोडून घरी आल्यावर उघडली. माल या रकान्यात त्याने लिहिलंय, ‘दोघी बहिणी’.

ही चिठ्ठी मी माझ्या गठ्ठ्यात घालणार नाही. तुझ्याकडे पाठवते, तांदळाच्या डब्यात ठेव. आणि तुला एकदा सांगितलंय तरी पुन्हा सांगते, तुझी पाळी जाऊन दीड वर्ष झालं, आता कधी नुसता डाग दिसला तरी कडेला बसू नकोस, मला फोन कर. मी लगेच निघेन.

तुझी,
अक्का